समतेवरचे पेपर कोण लिहितं, हे मोजताना

सगळ्या विज्ञानशाखांचे पेपर एकत्र केले तर लेखकांच्या नावांत बायकांचा वाटा ३० टक्क्यांच्याही खाली राहतो. लारिव्हिएर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. त्यासाठी त्यांनी २००८ ते २०१२ या काळातले सुमारे ५४ लाख पेपर तपासले होते. आता याच ढिगातून फक्त स्त्री-पुरुष समतेवरचे पेपर बाजूला काढा. चित्र उलटं होतं, जास्त नावं बायकांची निघतात.

यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. कोणी म्हणतं, बघा, इथे पुरुषच अल्पसंख्य आहेत, याला विषमता का नाही म्हणत? कोणी म्हणतं, चला, निदान एका विषयात तरी प्रश्न सुटला. दोन्ही घाईच्या आहेत. पेपरवर नाव असणं वेगळं आणि त्या पेपरला निधी, चांगलं जर्नल, उद्धरणं (म्हणजे इतरांच्या पेपरांत दाखले) मिळणं वेगळं. पण तिथवर पोचण्याआधी ‘जास्त’ म्हणजे नेमके किती हे ठरवायला हवं, आणि गाडी अडते ती तिथेच. प्रबंधासाठी, विभागाच्या अहवालासाठी किंवा नुसत्या कुतूहलापोटी अशी मोजणी कोणाला करायची असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

विषयाची हद्द

पहिली चूक शोधशब्दांत होते. डेटाबेसमध्ये ‘जेंडर’ टाकलं की वैद्यकातले हजारो पेपर येऊन आदळतात, कारण तिथे ‘वय आणि जेंडर यांचा परिणाम वगळून’ असं वाक्य अनेक गोषवाऱ्यांत असतं. त्या पेपरांचा समतेशी काही संबंध नसतो. उलट ‘जेंडर इक्वॅलिटी’ एवढाच नेमका शब्दप्रयोग शोधला तर अर्थशास्त्र जवळजवळ गळून जातं. अर्थतज्ज्ञ वेतनातली तफावत, श्रमबाजारातला सहभाग, मातृत्वाची किंमत अशा शब्दांत बोलतात, ‘समता’ हा शब्द शीर्षकात क्वचित घेतात. अर्थशास्त्रात पुरुष लेखक जास्त. म्हणजे शोधशब्द बदलले की उत्तर बदलतं. ‘फेमिनिस्ट’ धरून शोधलं तर बायकांचा वाटा फुगतो, ‘वेज गॅप’ आत घेतलं तर उतरतो. यातलं कुठलंच खोटं नाही, पण कोणती हद्द आखली हे न सांगता दिलेली टक्केवारी निरुपयोगी आहे.

दुसरी वाट जर्नलवरून जाण्याची. वेब ऑफ सायन्स या पेपरांच्या डेटाबेसमध्ये ‘विमेन्स स्टडीज’ असा वर्ग आहे, स्कोपस या तशाच डेटाबेसमध्ये ‘जेंडर स्टडीज’ला ३३१८ हा सांकेतिक क्रमांक आहे. सोयीचं आहे, मिनिटभरात यादी हाती येते. तोटा असा की अर्थशास्त्राच्या किंवा व्यवस्थापनाच्या जर्नलमध्ये छापलेला बढतीतल्या भेदभावावरचा पेपर या जाळ्यात सापडतच नाही, आणि जास्त निधी मिळालेलं, जास्त वाचलं जाणारं काम बऱ्याचदा तिथेच असतं. त्यामुळे फक्त जर्नलवर्ग धरून केलेली मोजणी या क्षेत्राचा एक कोपरा दाखवते. शिवाय मानव्यविद्यांतलं बरंच लेखन पुस्तकांत आणि संपादित ग्रंथांतल्या प्रकरणांत असतं, इंग्रजीखेरीज इतर भाषांत असतं. आणि या डेटाबेसांची पकड इंग्रजी जर्नल-पेपरांवरच घट्ट आहे.

दोन्ही वाटा एकत्र करा आणि नंतर तपासा. मिळालेल्या यादीतून २०० पेपर यादृच्छिक पद्धतीने निवडा. दोघांनी एकमेकांना न विचारता गोषवारे वाचून ‘विषयाचा आहे / नाही’ अशी खूण करायची. २०० पैकी ४० बाहेरचे निघाले तर यादीत पाचवा हिस्सा कचरा आहे, शोधशब्द आवळायला हवेत. दोघांच्या खुणा किती जुळतात हे कोहेनच्या कप्पा या मापाने काढा. तो ०.६ च्या खाली आला तर दोष वाचणाऱ्यांचा नसतो, विषयाची व्याख्याच धूसर असते. उलटी तपासणीही हवी. क्षेत्रातल्या जाणत्यांकडून ५० नावाजलेल्या पेपरांची यादी मागून घ्या आणि त्यातले किती आपल्या जाळ्यात आले ते पाहा. ही दुसरी तपासणी बहुतेक जण गाळतात. वास्तविक पहिलीपेक्षा तीच जास्त बोलकी, कारण जाळ्यात न आलेले पेपर कोणत्या विषयांतले आहेत हे कळतं.

नावावरून लिंग

ओपनअॅलेक्स हा पेपर आणि लेखकांच्या नोंदींचा डेटाबेस २०२२ पासून खुला आहे, लाखो नोंदी उतरवून घेता येतात. पण लेखक स्त्री की पुरुष हे त्यात नसतं. संशोधकांना ओळख-क्रमांक देणारं ऑर्किडही ते विचारत नाही. मग उरतं नाव. जेंडर एपीआय, जेंडराइझ, नॅमसॉर या सेवा नाव घेतात आणि अंदाज देतात, सोबत खात्रीचा एक आकडा. सांतामारिया आणि मिहाल्येविच यांनी २०१८ मध्ये अशा पाच सेवा ७,०७६ नावांवर ताडून पाहिल्या. पूर्व आशियाई नावांवर सगळ्यांचीच दमछाक झाली. कारण साधं आहे. चिनी नाव रोमन लिपीत उतरलं की मूळ चित्राक्षर आणि सूर दोन्ही हरवतात, आणि स्त्री-पुरुष ओळखण्याची खूण बऱ्याचदा त्या अक्षरातच असते. ‘किरण’सारखी दोघांनाही चालणारी नावं तर आहेतच. शिवाय देश बदलला की नाव बदलतं: ‘आंद्रेआ’ इटलीत पुरुष, जर्मनीत बाई.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ओळख न पटलेली नावं गुपचूप वगळणं. समजा लेखकांच्या एकूण १,००० नोंदी आहेत. ५६० बायका, २९० पुरुष, १५० अनिश्चित. अनिश्चित फेकून दिले तर बायका ८५० पैकी ५६०, म्हणजे ६६ टक्के. पण ते सगळे दीडशे पुरुष असतील तर ५६ टक्के, सगळ्या बायका असतील तर ७१. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ही १५ टक्क्यांची रुंदी तक्त्यात दिसलीच पाहिजे. अनिश्चित नावं सगळ्या देशांत सारखी विखुरलेली नसतात. ती वगळणं म्हणजे काही देशांचे लेखकच मोजणीतून बाहेर काढणं. समतेवरच्या अभ्यासात हे होणं जरा जास्तच विचित्र दिसतं.

त्यातून मार्ग असा. यंत्राच्या अंदाजाला खात्रीची मर्यादा लावा, उदाहरणार्थ ०.९. त्याखालची नावं हाताने तपासा: विभागाचं पान, परिचयातली सर्वनामं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ३०० नावं दोन दिवसांत होतात. नुसती आद्याक्षरं असलेल्या नावांसाठी त्याच लेखकाचा दुसरा पेपर शोधा. बऱ्याचदा तिथे पूर्ण नाव सापडतं. आणि अहवालात स्तंभाचं शीर्षक ‘स्त्री’ असं न लिहिता ‘नावावरून स्त्री’ असं लिहा. नावावरून माणसाची स्वतःची ओळख कळत नाही, आणि स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणारे लेखक तर या पद्धतीत मुळीच दिसत नाहीत.

पूर्ण की विभागून

हा भाग किरकोळ वाटतो, पण या विषयात निकाल पालटतो तो इथेच. दोन पेपर घ्या. एक एका बाईने एकटीने लिहिलेला. दुसरा पाच जणांचा, त्यात एक बाई, चार पुरुष. डोकी मोजली तर सहापैकी दोन बायका, ३३ टक्के. पण प्रत्येक पेपरचं श्रेय १ धरून ते लेखकांत वाटलं तर बायकांकडे १ अधिक ०.२ म्हणजे १.२ येतं, दोनपैकी ६० टक्के. पेपर तेच, माणसं तीच.

समतेवरचं संशोधन नेमकं या दोन संस्कृतींच्या सीमेवर आहे. स्त्रीवादी सिद्धान्त, साहित्य, इतिहास इथे एकट्याने लिहिण्याची रीत. वैद्यक, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य इथे पाच-सात जणांचा चमू. म्हणून दोन्ही आकडे द्या. ते एकमेकांपासून खूप लांब असतील तर तीच बातमी आहे.

नावाच्या क्रमाचंही तसंच. प्रयोगशाळेच्या विषयांत पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रमुखाचं. अर्थशास्त्रात नावं बऱ्याचदा वर्णानुक्रमे लावतात, तिथे ‘पहिल्या क्रमांकावर बायका कमी’ या विधानाला अर्थच नाही. आपल्या यादीत कोणती रीत चालते ते तपासायला सोपं आहे. दोन लेखक असतील तर योगायोगानेच ५० टक्के पेपर वर्णानुक्रमात पडतात, तीन असतील तर १७ टक्के, चार असतील तर जेमतेम ४. चौघांच्या पेपरांपैकी ६० टक्के वर्णानुक्रमात दिसले, तर ती रीत आहे, आणि तो गट क्रमाच्या विश्लेषणातून बाजूला काढायचा.

बायका जास्त का

‘स्वतःचा प्रश्न म्हणून’ हे उत्तर पटकन सुचतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: बायका नसतील तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. नील्सन, अँडरसन, शिबिंगर आणि श्नायडर यांनी २०१७ मध्ये १५ लाख वैद्यकीय पेपर तपासले. ज्या पेपरांत लेखिका होत्या, विशेषतः पहिल्या आणि शेवटच्या स्थानी, तिथे लिंग आणि लिंगभाव यांचं विश्लेषण असण्याची शक्यता जास्त होती. सुगिमोटो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १९८० ते २०१६ मधल्या सुमारे १ कोटी १५ लाख पेपरांवरून त्याच दिशेचा निष्कर्ष काढला. तेव्हा ‘या विषयात पुरुष कमी का’ हा प्रश्न पुरुषांना कोणी अडवलं का, इथून सुरू करायचा की त्यांना हा विषय करिअरला परवडत नाही का, इथून? माझ्या मते दुसरा. कारण विषयाला मिळणारी किंमत खरंच कमी आहे, आणि त्याचे पुरावे आहेत.

चिस्लाक, फॉर्मानोविच आणि सागी यांचा २०१८ चा अभ्यास त्यासाठी वाचावा. लिंगभेदावरचे पेपर कमी इम्पॅक्ट फॅक्टरच्या (म्हणजे प्रत्येक पेपरमागे सरासरी कमी उद्धरणं मिळणाऱ्या) जर्नलमध्ये जातात, एवढंच म्हणून भागत नाही; इम्पॅक्ट फॅक्टर विषयागणिक बदलतो, त्यामुळे समाजशास्त्राची तुलना जीवशास्त्राशी करून काही सिद्ध होत नाही. त्यांनी तुलना केली ती वंशभेदावरच्या पेपरांशी. दोन्ही सामाजिक भेदभावच, दोन्ही सामाजिक शास्त्रांतलेच. तरी लिंगभेदावरच्या पेपरांना निधी कमी वेळा मिळालेला दिसला आणि जर्नलही खालच्या इम्पॅक्ट फॅक्टरची. कोणाशी तुलना करायची याची निवड अशी हवी.

निधीच्या आकड्यांबाबत मात्र एक सावधगिरी. डेटाबेसमधला निधीचा स्तंभ पेपरच्या आभार-परिच्छेदातून भरलेला असतो. आभार न लिहिणाऱ्या विषयांत तो रिकामा दिसतो. रिकामा म्हणजे ‘निधी नाही’ असं धरू नये.

आणि मग हँडली आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा प्रयोग. तो समजायला आधी २०१२ चा प्रयोग माहीत हवा. मॉस-रॅक्युसिन यांच्या गटाने १२७ विज्ञान-प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या पदासाठीचा एकच अर्ज दिला. काहींच्या प्रतीवर नाव जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर. बाकी अक्षर न् अक्षर सारखं. जॉनला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर, जेनिफरला २६,५०८. प्राध्यापिकांनीही जेनिफरला कमीच मोजलं. हँडलींच्या गटाने या पेपरचा गोषवारा उचलला आणि लोकांना वाचायला देऊन विचारलं, संशोधनाचा दर्जा कसा वाटतो? पुरुषांनी त्याला बायकांपेक्षा कमी गुण दिले, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतल्या प्राध्यापकांमध्ये हे अंतर आणखी रुंद होतं. म्हणजे भेदभाव दाखवणाऱ्या पुराव्याचं मोल ठरवतानाही वाचणारा कोण, हे आड येतं. जर्नलचे संपादक आणि परीक्षक कोण आहेत, हा स्तंभ मोजणीत का घ्यायचा, त्याचं उत्तर इथे आहे. संपादक मंडळांची नावं जर्नलच्या पानावर उघड असतात, परीक्षकांची नसतात.

उद्धरणं

उद्धरणांची सरासरी काढू नका. शंभरातले दोन-तीन पेपर निम्मी उद्धरणं खाऊन बसलेले असू शकतात, आणि ते कोणाचे यावर सरासरी डोलते. मध्यक घ्या, किंवा त्याच वर्षाच्या, त्याच विषयाच्या पेपरांत वरच्या १० टक्क्यांत किती आले ते पाहा. प्रत्येक पेपरला सारखाच अवधी द्या, पाच वर्षं साधारण पुरतात. २०१० चा आणि २०२० चा पेपर एका रांगेत मोजला तर जुना जिंकणारच, आणि जुन्या पेपरांत पुरुष जास्त.

स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणं वेगळी काढा. किंग आणि सहकाऱ्यांनी जेस्टोर या जर्नलांच्या डिजिटल संग्रहातल्या १५ लाख पेपरांत पाहिलं की १७७९ ते २०११ या सगळ्या काळात पुरुष स्वतःचा दाखला बायकांपेक्षा ५६ टक्के जास्त देतात, आणि शेवटच्या दोन दशकांत ७० टक्के. यावरून ‘पुरुष बढाईखोर’ असं म्हणायचा मोह होतो. थांबा. ज्याचे आधीचे पेपर जास्त, त्याच्याकडे दाखला द्यायला स्वतःचं जास्त असतं. २०२० मध्ये हुआंग आणि सहकाऱ्यांनी १५ लाखांहून अधिक संशोधकांची कारकीर्द तपासली तेव्हा दिसलं, वर्षाकाठी दोघांचं लेखन जवळजवळ सारखंच. एकूण संख्येतली दरी बरीचशी कारकीर्द लवकर संपण्यातून येते. म्हणून स्व-उद्धरणाचा हिशेब आधीच्या पेपरांच्या संख्येने भागून करावा.

आता मूळ विषयाशी थेट भिडणारं. डायन, सम्नर आणि मिचेल यांनी २००७ ते २०१६ मधली राज्यशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांतली जर्नलं पाहिली. जिथे बायका जास्त, तिथे उद्धरणांतली दरी लहान होते, हे अपेक्षेप्रमाणे. पण ज्या जर्नलमध्ये लेखिकाच बहुसंख्य, तिथेही बायकांच्या कामाचे दाखले कमी पडतात. संख्या वाढली की बाकीचं आपोआप होईल, या समजाला इथे तडा जातो.

प्रसिद्धाला आणखी प्रसिद्धी मिळते याला ‘मॅथ्यू इफेक्ट’ म्हणतात. रॉबर्ट मर्टन यांचा १९६८ चा पेपर, लेखक एकटे मर्टन. त्यातला बराच माल हॅरिएट झुकरमन यांच्या मुलाखतींतून आलेला होता. पेपर दोघांच्या नावावर यायला हवा होता, हे मर्टन यांनी १९७३ मध्ये स्वतःच लिहिलं, पाच वर्षांनी. १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी बायकांच्या श्रेयाची गळती सांगायला ‘माटिल्डा इफेक्ट’ हे नाव दिलं; माटिल्डा गेज या एकोणिसाव्या शतकातल्या हक्कवादी लेखिकेवरून. श्रेय कसं सरकतं हे सांगणाऱ्या मर्टन यांच्या पेपरमध्येच ते सरकलं होतं.

यातून मोजणीची एक मर्यादाही कळते. पेपरवर आलेली नावं मोजता येतात, न आलेली नाही. रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात संशोधन-चमूंच्या नोंदी आणि पेपरवरची नावं ताडून पाहिली. बायकांचं नाव पेपरवर येण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे डेटाबेसची सुरुवातच चाळणीनंतर होते.

आपली संदर्भसूची

लाखो पेपर बाजूला ठेवा. आपल्या एका लेखाची सूची तपासायची असेल तर तासाभराचं काम. पण ६० संदर्भांत बायकांचा वाटा ३० टक्के आला, तर फक्त योगायोगानेच तो १२ अंकांनी इकडे-तिकडे (१८ ते ४२) होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा. एका सूचीवरून कोणावर आरोप करू नये. विभागातल्या २० सूची एकत्र केल्या तर काहीतरी बोलता येतं, आणि तेव्हाही एकाच लेखकाचा आठ वेळा आलेला ग्रंथ एकदा मोजायचा की आठदा हे आधी ठरवून ठेवायचं.

टक्केवारी कमी दिसली की ती सुधारायची सोपी युक्ती सगळ्यांना सुचते: एखाद्या वाक्याच्या शेवटी कंसात चार नावं वाढवायची. आकडा सुधारतो, लेख तसाच राहतो. म्हणून प्रत्येक संदर्भापुढे आणखी एक खूण करा. नाव वाक्याचा कर्ता म्हणून आलंय का (‘अमुक यांचं म्हणणं असं’), की कंसातल्या रांगेत? त्या कामाशी निदान दोन वाक्यं तरी वाद किंवा संवाद आहे का? ही खूण यंत्राला नीट जमत नाही, हातानेच करावी लागते. ६० संदर्भांना साधारण दीड तास लागतो. मग दोन स्तंभ शेजारी ठेवा: सूचीतला वाटा, आणि कर्ता म्हणून आलेल्या नावांतला वाटा.